तीन वर्षांचा शब्द

सप्टेंबर 2023 मध्ये टेनिसपटू सुमित नागलने एका मुलाखतीत आपल्या बँक खात्यातली शिल्लक सांगून टाकली. सुमारे 900 युरो, म्हणजे 80 हजार रुपयांच्या आसपास. त्या वेळी तो एकेरीत भारताचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता. त्या वर्षी 24 स्पर्धांतून त्याला साधारण 65 लाख रुपये मिळाले होते. एका प्रशिक्षकाला सोबत घेऊन वर्षभर फिरायचं तर खर्च 80 लाख ते एक कोटी, आणि त्यात फिजिओ धरलेलाच नाही. बक्षिसाचे पैसे, इंडियन ऑइलचा पगार आणि महा टेनिस फाउंडेशनची मदत, एवढ्यावर त्याचं चाललं होतं. वर्षाच्या सुरुवातीला जर्मनीत राहून सराव करणं परवडेना, तेव्हा माजी टेनिसपटू सोमदेव देववर्मन आणि आणखी एका मित्राने जानेवारी-फेब्रुवारीचा खर्च उचलला.

पुढच्याच जानेवारीत मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये नागल पात्रता फेरीतून वर आला आणि त्याने 31व्या मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला सरळ तीन सेटमध्ये हरवलं. ग्रँड स्लॅम एकेरीत एखाद्या भारतीयाने मानांकित खेळाडूला हरवण्याची ती 35 वर्षांतली पहिली वेळ. त्याआधी 1989 मध्ये रमेश कृष्णनने मॅट्स विलँडरला हरवलं होतं. दुसऱ्या फेरीपर्यंत पोचल्याचे 1,80,000 ऑस्ट्रेलियन डॉलर नागलला मिळाले, म्हणजे जवळजवळ 98 लाख रुपये. जुलै 2024 मध्ये तो जागतिक क्रमवारीत 68वा झाला.

वर्तमानपत्रांनी मेलबर्नचा विजय पहिल्या पानावर घेतला, आणि ते योग्यच होतं. पण ज्यांना आपल्या गावातल्या, क्लबातल्या, नात्यातल्या एखाद्या खेळाडूला खरोखर हात द्यायचा आहे, त्यांनी आधी जर्मनीतले ते दोन महिने समजून घ्यावेत. ते निभावले नसते तर मेलबर्न कुठलं!

टेनिसमध्ये नाव होण्याआधीचा काळ फार लांबतो. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने, म्हणजे आयटीएफने, व्यावसायिक स्पर्धांची पाहणी केली तेव्हा 2013 सालचं चित्र असं दिसलं: क्रमवारीचा पहिला गुण मिळाल्यापासून पहिल्या शंभरात पोचायला पुरुषांना सरासरी 4.8 वर्षं लागत होती आणि स्त्रियांना 4.1. प्रवास, मुक्काम, जेवण, कपडे आणि साहित्य यांवर वर्षाला जवळपास 40 हजार डॉलर जात होते, तेही प्रशिक्षकाचे पैसे न धरता. एवढा खर्च भरून निघण्यासाठी पुरुषांना 336व्या आणि स्त्रियांना 253व्या क्रमांकापर्यंत तरी यावं लागत होतं. त्यानंतर विमानाची तिकिटं आणि हॉटेलं महागलीच आहेत.

सगळ्यात खालच्या पायरीवरचा हिशेब तर डोळ्यांत पाणी आणणारा आहे. पुरुषांच्या एम15 स्पर्धेत एकूण बक्षीस 15 हजार डॉलर. एकेरी जिंकणाऱ्याला 2,160 डॉलर, उपविजेत्याला 1,272, उपांत्य फेरीत हरणाऱ्याला 752. मुख्य फेरीच्या 32 खेळाडूंपैकी 16 जण पहिल्याच सामन्यात हरतात, त्यांच्या वाट्याला 156 डॉलर, म्हणजे साधारण 13-14 हजार रुपये. त्यातूनही कर कापला जातो. क्रमवारीचा गुण शून्य. एक सामना जिंकला तर एक गुण, आणि अख्खी स्पर्धा जिंकली तर 15. मिळालेला प्रत्येक गुण 52 आठवड्यांनी गळून पडतो, म्हणजे वर्षाने तो पुन्हा मिळवायचा. पुण्याहून निघून ट्युनिशियातल्या मोनास्तीरला पोचलेला मुलगा अंतिम फेरी खेळून परतला, तरी त्याचं विमानाचं तिकीट आणि आठवड्याचा मुक्काम निघाला तर निघाला.

वरच्या मजल्यावर आता थोडी हमी आली आहे. एटीपीने, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेने, 2024 पासून पहिल्या शंभरातल्या खेळाडूंना वर्षाला किमान तीन लाख डॉलर, 101 ते 175 क्रमांकांना दीड लाख आणि 176 ते 250 क्रमांकांना 75 हजार डॉलर मिळतील अशी योजना सुरू केली. कमाई कमी पडली तर फरक एटीपी भरते. ही मोठी सुधारणा आहे. पण ती 250व्या क्रमांकावर थांबते. सहाशेव्या क्रमांकावरच्या कोल्हापूरच्या किंवा नागपूरच्या खेळाडूपर्यंत तिचा एक डॉलरही पोचत नाही. तिथे घरचे, क्लब आणि गावातली माणसंच लागतात.

म्हणून मदत करणाऱ्याने पहिली गोष्ट ठरवावी ती मुदत. एका राज्य अजिंक्यपदानंतर सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळतं, पन्नास हजारांचा धनादेश दिला जातो, आणि पुढच्या वर्षी सत्कार दुसऱ्या कोणाचा असतो. त्या पन्नास हजारांनी खेळाडूला काहीच आखता येत नाही. त्याऐवजी दर तिमाहीला ठरलेली रक्कम तीन वर्षं देण्याचा लेखी शब्द द्यावा. रक्कम लहान असली तरी चालेल. पुढच्या एप्रिलमध्ये पैसे येणार आहेत हे ठाऊक असेल तरच जानेवारीत स्पर्धांचं वेळापत्रक आखता येतं, स्वस्त तिकीट आधी काढता येतं, आणि दुखऱ्या खांद्याने उगाच एक स्पर्धा खेळण्याची वेळ येत नाही.

या शब्दात दुखापतीचं कलम हवंच. नागलच्या कंबरेच्या सांध्यावर 2021 मध्ये शस्त्रक्रिया झाली, क्रमवारी घसरली आणि ऑलिम्पिक खेळाडूंना मदत करणाऱ्या सरकारच्या ‘टॉप्स’ योजनेतून त्याचं नाव गेलं. म्हणजे मदतीची सर्वाधिक गरज होती नेमकी तेव्हाच ती थांबली. खाजगी प्रायोजकही बहुधा असंच वागतात, कारण करारात ‘क्रमवारी अमुक राहिली तर’ असं लिहिलेलं असतं. खेळाडूच्या बाजूने वाटाघाट करणाऱ्याने हे वाक्य बदलून घ्यावं: डॉक्टरांचा दाखला असलेल्या दुखापतीत किमान सहा महिने रक्कम चालू राहील आणि फिजिओचं बिल वेगळं मिळेल. आरोग्य विम्यात परदेशातला उपचार आणि खेळातली दुखापत दोन्ही बसतात का, हे पॉलिसीच्या कागदावर वाचून घ्यावं. कित्येक साध्या प्रवास विम्यांत व्यावसायिक खेळातली इजा वगळलेली असते.

आता पालकांकडे. मूल बारा-तेरा वर्षांचं असताना घरात एक वही सुरू करावी. महिन्याची कोचिंग फी, कोर्टाचं भाडं, बूट, गटिंग (रॅकेटला तारा बसवणं), रेल्वे, हॉटेल, सगळं त्यात लिहावं. ही वही दोन कामांना येते. एक, प्रायोजकासमोर ‘खर्च खूप आहे हो’ याऐवजी नेमका आकडा ठेवता येतो. दोन, घर गहाण टाकण्याचा विचार मनात येतो त्या दिवशी पानं उलटून पाहता येतात. राहतं घर आणि निवृत्तीचा पैसा यांना हात लावू नये, असं या लेखकाचं ठाम मत आहे. आईवडिलांचं सगळं पणाला लागलंय हे ज्या मुलाला ठाऊक आहे, तो ब्रेक पॉइंटला दुसरी सर्व्हिस कशी मारील याचा विचार करावा.

खर्च वाचवण्याच्या जागा लहान असतात, पण वर्षाअखेर त्यांची बेरीज मोठी होते. गटिंग स्वतः शिकावं. 200 मीटरच्या एका रीळात साधारण 16 रॅकेटी होतात, आणि स्पर्धेच्या ठिकाणी दर वेळी मोजलेले पैसे पाहता घरचं मशीन लवकर वसूल होतं. एखाद्या क्लबाने असं मशीन घेऊन आपल्या तीन-चार खेळाडूंना वापरायला दिलं, तर ती मोठीच मदत. परदेशी जायचं तर एकाच गावात सलग तीन-चार आठवडे स्पर्धा असतील असं ठिकाण निवडावं. मोनास्तीर, तुर्कस्तानातलं अंताल्या आणि इजिप्तमधलं शर्म अल शेख इथे त्याच संकुलात आठवड्यामागून आठवडा स्पर्धा होतात. एका तिकिटात चार संधी मिळतात आणि पहिल्या आठवड्यात लवकर हरलं तरी सराव चालू राहतो. मात्र कंटाळाही तिथेच येतो. तेच हॉटेल, तेच जेवण, तेच प्रतिस्पर्धी. चौथ्या आठवड्यात फोनवर मुलाचा आवाज उतरलेला वाटला, तर त्याला घरी बोलवावं.

मुलींचा खर्च वेगळा मांडावा लागतो. सोळा वर्षांच्या मुलीला एकटीला पाठवत नाहीत, आई सोबत जाते, म्हणजे तिकिटं दोन. यावर चांगला उपाय आहे. एकाच शहरातल्या तीन मुलींनी मिळून एक प्रवासी प्रशिक्षिका घ्यायची आणि तिचा खर्च तिघींत वाटायचा. जिल्हा संघटनेने पुढाकार घेतला तर हे सहज जमतं, कारण तीन घरांना एकत्र बसवायला कुणीतरी तिऱ्हाईत लागतो. वयाचा नियमही ध्यानात घ्यावा. 14 वर्षांआधी व्यावसायिक स्पर्धा खेळता येत नाही, आणि मुलींना 18 पूर्ण होईपर्यंत वर्षाला ठरावीकच स्पर्धा मिळतात. कोवळ्या वयात मुली थकून खेळ सोडतात हे 1990च्या दशकात लक्षात आल्यावर हा नियम कडक झाला. त्यामुळे चौदाव्या वर्षी नोकरी सोडून मुलीबरोबर जगभर फिरण्याची घाई कोणा बापाने करू नये. त्या वर्षांत शाळा चालू ठेवता येते. हजेरी जमत नसेल तर मुक्त विद्यालयातून दहावी-बारावी देता येते.

बारावीनंतरचा एक रस्ता आपल्याकडे अजूनही ‘टेनिस सोडलं’ असा समजला जातो, तो म्हणजे अमेरिकी विद्यापीठ. हा समज टाकून द्यावा. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठात शिकला, 2007 आणि 2008 अशी सलग दोन वर्षं अमेरिकी महाविद्यालयीन एकेरीचा विजेता झाला, आणि पुढे जागतिक क्रमवारीत 62व्या स्थानापर्यंत पोचला. पुण्याची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली. तिने 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक मिळवलं. अर्जुन कढे पुण्याहून ओक्लाहोमा स्टेटला गेला. चार वर्षं कोर्ट, प्रशिक्षक, फिजिओ, जिम, प्रवास हे सगळं विद्यापीठ देतं, वर पदवी. आता तर महाविद्यालयीन क्रमवारीत वर असणाऱ्यांना चॅलेंजर, म्हणजे मुख्य एटीपी स्पर्धांच्या खालच्या पायरीवरच्या, स्पर्धांत प्रवेश देण्याची एटीपीची योजनाही आहे. दोन गोष्टींची काळजी घ्यावी. नववी-दहावीपासूनचे गुण आणि इंग्रजी सांभाळावं, कारण प्रवेश नाकारला जातो तो बहुतेकदा तिथेच. आणि व्यावसायिक स्पर्धेतलं बक्षीस स्वीकारण्याआधी तिथले पात्रतेचे नियम त्या वर्षीचे वाचावेत. ते सध्या भराभर बदलत आहेत.

दुहेरीकडेही अशाच उपेक्षेने पाहिलं जातं. लहान स्पर्धांत दुहेरीचे पैसे थोडे असतात, पण त्यांतून दोन रात्रींचं भाडं निघतं आणि सामन्याचा दबाव पुन्हा पुन्हा अनुभवायला मिळतो. कढेने पुढे दुहेरीवरच भर दिला आणि ऑक्टोबर 2024 मध्ये रित्विक चौधरी बोल्लिपल्लीच्या साथीने अल्माटीला एटीपी विजेतेपद जिंकलं. एकेरीत अडकलेल्या 23-24 वर्षांच्या खेळाडूशी हा विषय प्रशिक्षकाने आपणहून काढावा. त्याच्या मनात तो असतोच, पण हार मानल्यासारखं वाटेल म्हणून तो बोलत नाही.

मोठी मदत द्यायची इच्छा असलेल्या उद्योजकांसाठी कायद्यात जागा आहे. कंपनी कायद्यानुसार सामाजिक जबाबदारीचा जो निधी खर्च करायचा असतो, त्यात ऑलिम्पिक खेळांचं प्रशिक्षण बसतं, आणि टेनिस ऑलिम्पिक खेळ आहे. मात्र हा पैसा सहसा खेळाडूच्या किंवा वडिलांच्या खात्यात टाकला जात नाही. बहुतेक वेळा नोंदणीकृत संस्थेमार्फत तो जातो. म्हणून खेळाडूच्या घरच्यांनी एकेका कारखान्याचे दरवाजे ठोठावण्याआधी पुण्यातल्या ‘लक्ष्य’सारख्या खेळाडूंना पाठबळ देणाऱ्या संस्थेशी बोलावं. अर्ज दोन पानांचा पुरे: मागच्या वर्षीच्या स्पर्धा आणि निकाल, येत्या वर्षाचं वेळापत्रक, वहीतला खर्च, आणि बक्षिसांतून किती पैसे अपेक्षित आहेत हे. ‘देशासाठी पदक आणणार’ अशी वाक्यं गाळावीत. वाचणारा आकडेच शोधत असतो.

काही जण पैसे देताना भावी कमाईतला वाटा मागतात. तो व्यवहार वाईटच असतो असं नाही. पण त्यात तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: वाटा किती वर्षं, परतफेडीची कमाल रक्कम किती, आणि खेळ सुटला तर देणं संपतं का. सतरा वर्षांच्या मुलाची सही असलेला अमर्याद मुदतीचा करार वकिलाला दाखवल्याशिवाय कोणी करू नये.

खालच्या स्तरावरची सगळ्यात अंधारी बाजू सट्टेबाजीची आहे, आणि घरात ती मोकळेपणाने बोलली जायला हवी. टेनिसमधल्या भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र समितीने डिसेंबर 2018च्या अंतिम अहवालात हेच दाखवलं, की पोट भरत नाही असे हजारो खेळाडू आणि त्यांच्या सामन्यांवर जगभर लागणारा पैसा यांतून हा प्रश्न जन्मतो. पहिल्या फेरीत हरल्यावर 156 डॉलर हातात घेऊन बसलेल्या मुलाला फोनवर संदेश येतो: एक सेट सोड, दोन हजार देतो. नियम असा आहे की नकार देऊन भागत नाही. असा संपर्क झाल्याचं टेनिसच्या सचोटी संस्थेला, आयटीआयएला, कळवावंच लागतं, आणि न कळवणं हाही गुन्हा आहे. हे मुलाला पहिल्या परदेश दौऱ्याआधीच माहीत हवं. पैज हरलेले लोक समाजमाध्यमांवर खेळाडूंना घाणेरड्या शिव्या आणि धमक्या देतात, तेही त्याला आधी सांगावं. सामन्याच्या रात्री फोन प्रशिक्षकाकडे किंवा बहिणीकडे ठेवण्याची सवय बरी.

पूरक आहाराच्या डब्यांबाबतही अशीच सावधगिरी हवी. इगा स्वियाँतेकसारखी अव्वल खेळाडू 2024 मध्ये झोपेच्या दूषित गोळीमुळे उत्तेजक चाचणीत अडकली. चूक तिची फारशी नव्हती हे मान्य होऊनही तिच्यावर एक महिन्याची बंदी आली. तिच्याकडे वकील होते, प्रयोगशाळेचा खर्च करायला पैसा होता. आठशेव्या क्रमांकाच्या खेळाडूकडे त्यातलं काहीच नसतं. जिममधल्या मित्राने दिलेली पावडर घेऊ नये, आणि घेतलेल्या प्रत्येक औषधाचं नाव वहीत लिहावं.

व्हिसाचं काम मात्र कुटुंबातल्या कोणीतरी अंगावर घ्यावं, कारण ते खेळाडूचा जीव खातं. भारतीय पासपोर्टवर अनेक दौऱ्यांना व्हिसा लागतो. शेंगेन देशांत कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, आणि स्पर्धेचे प्रवेश जेमतेम अडीच आठवडे आधी बंद होतात. नोव्हेंबर 2025 मध्ये खुद्द नागलला चीनचा व्हिसा नाकारला गेला आणि ऑस्ट्रेलियन ओपनच्या वाइल्ड कार्डसाठीची (विशेष प्रवेशासाठीची) स्पर्धा हुकू नये म्हणून त्याला जाहीर विनंती करावी लागली. जर्मनीत, अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांना इथे खूप काही करता येईल. आमंत्रणपत्र, आठवडाभर एक खोली, विमानतळावरून कोर्टापर्यंत गाडी. अमेरिकेत लहान स्पर्धांच्या वेळी गावातली कुटुंबं खेळाडूंना घरी ठेवून घेतात, तो तिथला जुना रिवाज आहे. तिथल्या महाराष्ट्र मंडळांनी स्पर्धांची यादी पाहून अशा घरांची नावं जमवली, तर एका उन्हाळ्यात चार-पाच मुलांचा मुक्कामाचा खर्च वाचेल.

या सगळ्याहून मोलाची मदत म्हणजे घराजवळची स्पर्धा. फेब्रुवारी 2025 मध्ये मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर झालेल्या महिलांच्या डब्ल्यूटीए 125 स्पर्धेत कोइमतूरची 15 वर्षांची माया राजेश्वरन रेवती पात्रता फेरीतून थेट उपांत्य फेरीत गेली. तिला असे गुण मिळवायला परदेशात किती आठवडे आणि किती तिकिटं लागली असती! पुण्यात डेक्कन जिमखान्यावर अंडी उत्पादकांच्या एनईसीसीने पुरस्कृत केलेली महिलांची स्पर्धा वर्षानुवर्षं भरते. बालेवाडीला चॅलेंजर होते, सोलापुरात आणि नवी मुंबईत महिलांच्या आयटीएफ स्पर्धा झाल्या आहेत. अशा प्रत्येक स्पर्धेमागे एक क्लब, एक प्रायोजक आणि रजा टाकून राबणारे पाच-पंचवीस लोक असतात. ज्या गावात चार चांगली कोर्टं आणि बरं हॉटेल आहे, त्या गावातल्या उद्योजकांनी एका खेळाडूला दत्तक घेण्याऐवजी दर वर्षी एक आठवडा दत्तक घ्यावा. त्यातून एकाच वेळी वीस-तीस भारतीय मुलांना घरच्या हवेत गुण मिळवायची संधी मिळते.

आणि ज्यांच्याकडे पैसे नाहीत, वेळ आहे, त्यांनी स्पर्धेच्या आदल्या महिन्यात संचालकाला फोन करून एवढंच विचारावं, की पात्रता फेरीला येणाऱ्या बाहेरगावच्या मुलांपैकी कोणाला राहायला घर हवं आहे का. सकाळी पात्रता फेरीचे सामने सुरू होतात तेव्हा खुर्च्या रिकाम्या असतात. डब्यात दोन पोळ्या जास्त घ्याव्यात आणि कोर्टाच्या कडेला जाऊन बसावं.